धडा : सील न फोडलेली रुपयांची थैली

समजा, रायपूरच्या गुढियारीतील ठोक बाजारात, एका किराणा दुकानात हिशेब लिहिणाऱ्या ताई आहेत. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी त्यांनी आवर्ती ठेवीत पाच वर्षे पैसे टाकले आणि 1,80,000 रुपये जमवले. ठेवीची मुदत संपली त्याच आठवड्यात दुकानातले एक जुने गिऱ्हाईक कापडी थैली घेऊन आले. थैलीच्या तोंडाला सुतळी आणि सुतळीवर लाखेचे सील. आत 100 राणीछाप चांदीचे रुपये आहेत, आजोबांच्या काळापासून कोणी हात लावलेला नाही, असे त्यांचे म्हणणे. नमुना म्हणून त्यांनी दोन सुटे रुपये दाखवले. ते खणखणीत वाजले. किंमत 1,80,000 रुपये. अट एकच : सील फोडायचे नाही, फोडले तर थैलीचे मोल जाईल.

ताईंनी काय करावे? उत्तर देण्याआधी अशा थैल्या मुळात उरल्या आहेत का, ते पाहू.

1. तोडे गेले कुठे?

पूर्वी हजार रुपयांच्या थैलीला ‘तोडा’ म्हणत. सावकाराच्या पेढीवर आणि सरकारी खजिन्यात रुपये असे थैल्यांनी ठेवले जात. इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे.

दुसऱ्या महायुद्धात चांदी अपुरी पडू लागली. 1940 पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली. जुने चांगल्या कसाचे रुपये 1941 ते 1943 या काळात टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले. 1947 चा रुपया तर निकेलचा निघाला. परत आलेली नाणी सरकारने कपाटात जपून ठेवली नाहीत, ती गाळली. युद्धकाळात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी फेडण्यासाठी पुढे निम्म्या कसाचे रुपयेही गाळावे लागले.

लोकांनी जे रुपये परत केले नाहीत, ते दागिन्यांत गेले. छत्तीसगडच्या गावांत बायका रुपयांची माळ घालत. आपल्याकडे चाळ, तोरड्या, देवघरातली भांडी यांसाठी सोनाराने रुपयेच आटवले. म्हणून आज घरोघरी लक्ष्मीपूजनाला दोन-चार रुपये निघतात, पण टांकसाळीतून आली तशी बांधलेली थैली सहसा निघत नाही.

बंद पेट्यांचे एक खरे उदाहरण मात्र आहे. ‘सिटी ऑफ कैरो’ हे जहाज 1942 मध्ये मुंबईहून निघाले. त्यावर सुमारे 100 टन चांदीचे रुपये होते, अंदाजे 2,000 पेट्यांमध्ये. नोव्हेंबरमध्ये जर्मन पाणबुडीने ते दक्षिण अटलांटिक महासागरात बुडवले. सुमारे 5,150 मीटर खोलीवरून त्यातली बरीच चांदी वर काढण्यात आली आणि 2015 मध्ये ती बातमी जाहीर झाली. एवढे होऊनही त्यातले बहुतेक रुपये अखेर गाळलेच गेले. चांदीच्या भावापेक्षा फारसे जास्त मोल नसलेल्या नाण्यांच्या वाट्याला बहुधा भट्टीच येते.

2. अमेरिकेत थैल्या उरल्या, त्या का?

विकणारे कधीकधी अमेरिकेचा दाखला देतात. तो खरा आहे, पण पूर्ण ऐकावा. 1918 च्या कायद्याने अमेरिकेने सुमारे 27 कोटी चांदीचे डॉलर गाळले. त्यातली बहुतांश चांदी रुपये पाडण्यासाठी भारताला विकली गेली. उरलेले डॉलर हजार-हजारांच्या थैल्यांत सरकारी तिजोरीत पडून राहिले. 1964 मध्ये सरकारने ते देणे थांबवले. शिल्लक सुमारे 29 लाख डॉलर 1972 ते 1980 या काळात सरकारनेच विकले. खाजगी साठेही निघाले. रेनो शहरातले लव्हेअर रेडफिल्ड 1974 मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या घरात चार लाखांहून अधिक डॉलर सापडले.

म्हणजे तिथे थैल्या टिकल्या त्या सरकारी तिजोरीत किंवा एखाद्या धनिकाच्या तळघरात, आणि त्या कुठून आल्या याची नोंद राहिली. तरीही तिथे फसवणूक होतेच. कागदात गुंडाळलेल्या नाण्यांच्या गुंडाळीची फक्त दोन टोके दिसतात. टोकांना चांगली नाणी आणि मध्ये झिजलेली भरून गुंडाळी पुन्हा बांधता येते. कापड, सुतळी आणि लाख आजही बाजारात मिळते, त्यामुळे थैलीचेही तसेच.

3. थैली खरी की बांधलेली?

टांकसाळीतून आलेल्या थैलीत साधारणपणे एकाच टांकसाळीची, एकाच सुमाराची, न वापरलेली नाणी असणार. मुंबईत पडलेल्या अनेक रुपयांवर बारीक ठिपका असतो, कलकत्त्याच्या रुपयांवर नसतो. थैलीतून व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि जॉर्ज असे तिघेही निघाले, काही गुळगुळीत आणि काही कोरे, तर ती कोणीतरी नंतर भरलेली आहे. तशी थैली खोटीच असेल असे नाही. आजीने साठवलेले रुपयेही असेच मिसळलेले असतात. पण मग ‘मूळ थैली’ म्हणून जास्तीचे पैसे मागता येत नाहीत.

सालाचीही भुरळ पडू देऊ नका. 1862 हे साल पुढे कित्येक वर्षे तसेच छापले गेले, त्यामुळे तो रुपया सहज मिळतो. 1939 चा रुपया खरोखर दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही होतात.

4. किंमत स्वतः काढा

हिशेब सोपा जावा म्हणून शुद्ध चांदीचा भाव ग्रॅमला 100 रुपये धरू. खरा भाव त्या दिवशीचा घ्यावा.

• जुना रुपया : 11.66 ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी सुमारे 10.69 ग्रॅम. 100 नाण्यांचे 1,06,900 रुपये.
• 1940 ते 1945 चा निम्म्या कसाचा रुपया : शुद्ध चांदी 5.83 ग्रॅम. 100 नाण्यांचे 58,300 रुपये.
• 1947 चा निकेलचा रुपया : चांदी शून्य.

ताईंकडे मागितलेल्या 1,80,000 रुपयांतले निदान 73,100 रुपये केवळ गोष्टीसाठी आहेत. आत निम्म्या कसाची नाणी असली, तर गोष्टीची किंमत 1,21,700 रुपये होते. हिणकस धातूची असली, तर सगळीच रक्कम बुडाली.

5. तपासणी

• प्रत्येक नाणे वजन करा. झिजेने वजन थोडे उतरते, ग्रॅम-दीड ग्रॅम उतरले तर शंका घ्या.
• लोहचुंबकाला चांदी चिकटत नाही, निकेल चिकटते. पण जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही. म्हणून न चिकटणे हा पुरावा नव्हे.
• सराफाच्या यंत्रावर कस पाहता येतो, मात्र ते यंत्र वरचा थर वाचते. चांदीचा मुलामा त्याला फसवू शकतो. कस आणि वजन दोन्ही जुळले पाहिजेत.
• ‘पाया खोदताना सापडली’ असे कोणी म्हणाले तर दूर राहा. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त मोलाचा पुरलेला ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. लपवणाऱ्याला कैद होऊ शकते.
• जुनी नाणी विकून देतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन किंवा कर मागणारे फोन येतात. ही बँक असा व्यवहार करत नाही, हे तिने 2021 मध्ये जाहीर केले आहे. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर कळवा.

6. घरात रुपये निघाले तर

चिंच, राख, पावडर काही लावू नका. घासलेल्या आणि कडी डागलेल्या नाण्याला संग्राहक कमी पैसे देतो. साल, राजा आणि वजन वहीत लिहा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि दोन-तीन ठिकाणी विचारूनच विका. पावती घ्या.

आता ताईंचे उत्तर. त्यांनी एकच म्हणावे : सराफाच्या पेढीवर सील फोडू, शंभरही नाणी मोजू, वजन करू आणि त्या दिवशीच्या भावाने पैसे देऊ. गिऱ्हाईक तयार झाले तर बचतीतला थोडा भागच त्यात घालावा, कारण फी भरायची तारीख थांबत नाही. ते तयार झाले नाही तर ताईंचे काहीच गेले नाही. ज्या थैलीत डोकावता येत नाही, तिच्यासाठी ठेव मोडू नये.

सरावासाठी : एका थैलीतल्या 40 ‘राणीछाप’ रुपयांचे वजन 410 ग्रॅम भरले. ती घ्यावी का?
उत्तर : वजन 466 ग्रॅमच्या आसपास हवे होते. प्रत्येक नाणे सरासरी 1.4 ग्रॅमने कमी आहे. एवढी झीज सगळ्या नाण्यांची होत नाही. घेऊ नये.