काळ्या मातीस चुन्याची जोड

काळी जमीन पिकास जितकी उदार, तितकीच बांधकामास दगा देणारी आहे. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत आकसून भेगाळते, व तिजवरील कोठाराची फरशी उखडते. ह्याचें कारण तिच्यांतील माँटमोरिलोनाइट नांवाची चिकण होय. हिच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्यें पाणी शिरलें म्हणजे ते दूर सरतात, व सुकलें म्हणजे पुन्हा जवळ येतात.

ह्यावर स्वस्त उपाय चुना. चुन्यांतील कॅल्शियममुळें मातीची पाणी ओढण्याची शक्ति घटते व ती भुसभुशीत होते. पुढें ओलाव्यांत चुन्याचा मातींतील सिलिका व ॲल्युमिना यांशीं संयोग होऊन टिकाऊ बंधन तयार होतें. सिमेंट रेताड मुरमास शोभतें. चिकण मातींत तें नीट मिसळत नाहीं. शिवाय सिमेंटाची भट्टी सुमारें 1450 अंश उष्णतेची, तर चुन्याची सुमारें 900 अंशांची. म्हणून जळणाचीहि बचत होते.

कृति अशी : वरचा सुपीक थर आधीं काढून शेतांत पसरावा. त्यांतील कुजकट अंश चुन्याच्या कार्यास बाधक असतो, आणि अशी माती घराखालीं गाडणें हा पिकाचाहि तोटा होय. खालची माती ढेंकळें फोडून वाळवावी. शंभर किलो मातीस 4, 6 व 8 किलो विरवलेला चुना, अशा प्रमाणांचे लहान गोळे करून सात दिवस ओल्या गोणपाटाखालीं ठेवावे, व मग एक दिवस पाण्यांत बुडवावे. जो गोळा कमीत कमी चुन्यांत शाबूत राहील, तें प्रमाण धरावें. मिश्रण ओलें करून रात्रभर झांकावें, सकाळीं पुन्हा कालवून चार ते सहा इंचांच्या थरांनीं धुमसानें ठोकावें, व आठवडाभर ओलें राखावें. चुना डोळ्यांत जाऊं देऊं नये.

एक इशारा महत्त्वाचा आहे. क्षारपड जमीन सुधारण्यासाठीं जेथें जिप्सम घातलें असेल, तेथें चुना वापरूं नये. गंधकाच्या क्षाराशीं त्याचा संयोग होऊन माती उलट अधिक फुगते. अशा जागेची माती आधीं प्रयोगशाळेंत तपासून घ्यावी.

ही रीत फरशीखालचा भराव, खळें व गाडीवाट यांसाठीं उत्तम. मजली घराचा पाया मात्र जाणत्या इंजिनियराच्या सल्ल्यानेंच घालावा. आणि भोंवतीं पाणी तुंबत असेल, तर चुन्याआधीं चर खणावा.