मोटारीची उंची आणि आसाची झीज

रोवणीचे दिवस आले की गोंदिया जिल्ह्यातील बांधीतला चिखल ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरी रस्त्यावर येतो. पावसाळा सरला की त्याच चिखलाची धूळ होते. सालेकसा असो वा अर्जुनी मोरगाव, गावाकडे जाणाऱ्या मोटारीला चिखल, धूळ, खड्डे आणि गतिरोधक या चौघांशी वर्षभर गाठ घ्यावी लागते. आडगावातील मोटार ही केवळ हौसेची वस्तू नसते. अवघडलेल्या भगिनीस रात्री-अपरात्री गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात न्यावयाचे झाल्यास तीच अनेकदा उपयोगी पडते. म्हणून तिच्या चाकांना गती देणारा आस सुस्थितीत असणे, हा साऱ्या गावाच्या हिताचा प्रश्न ठरतो.

मोटार जमिनीलगत दिसावी म्हणून स्प्रिंगा कापून किंवा आखूड स्प्रिंगा बसवून तिची उंची कमी करण्याची हौस तरुण वर्गात आढळते. शर्यतीच्या मोटारी बसक्या असतात, हे खरे. त्यांचा गुरुत्वमध्य खाली आल्याने त्या वळणावर स्थिर राहतात. परंतु त्या गुळगुळीत धावपट्टीवर धावतात आणि त्यांचा प्रत्येक भाग त्या उंचीसाठीच घडविलेला असतो. आपल्या मोटारीचे तसे नसते.

आसाची रचना

बैलगाडीचा आस दोन्ही चाकांना जोडणारा एक अखंड दांडा असतो. अँबेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारींचा मागचा आस असाच अखंड असून त्यास पाट्यांचा आधार होता. 1983 च्या डिसेंबरमध्ये मारुती 800 रस्त्यावर आली आणि पुढच्या चाकांना गती देण्याची पद्धत आपल्याकडे रुळली. या पद्धतीत गिअरबॉक्सपासून प्रत्येक पुढच्या चाकापर्यंत एकेक स्वतंत्र शाफ्ट जातो. चाक वर-खाली होते, डावी-उजवीकडे वळते, तरीही त्यास अखंड गती मिळावी म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना सांधे असतात. मेकॅनिक त्यांना सीव्ही जॉइंट म्हणतात. चाकाकडील सांध्यात पोलादी गोळ्या वक्र खाचांतून सरकतात. त्यांना ग्रीसचे वंगण लागते आणि ते टिकावे म्हणून वर घड्यांचे रबरी आवरण, म्हणजे बूट, चढविलेले असते.

कोनाचा हिशेब

शाफ्ट जितका सरळ रेषेत, तितके गोळ्यांचे सरकणे कमी. कोन वाढला की प्रत्येक फेऱ्यात गोळ्यांना अधिक अंतर सरकावे लागते. घर्षण व उष्णता वाढते आणि झीजही वाढते.

समजा, शाफ्टची लांबी 40 सेंटिमीटर आहे आणि कारखान्यातून येताना तो चाकाकडे 20 मिलिमीटर उतरता आहे. हा कोन सुमारे 3 अंशांचा होतो. मोटार 20 मिलिमीटर खाली आणल्यास शाफ्ट समतल होईल. म्हणजे किंचित उतरविल्याने सांध्याचे नुकसान होतेच असे नाही. परंतु 80 मिलिमीटर खाली आणल्यास तो उलट दिशेने, चाकाकडे चढता होतो आणि कोन सुमारे साडेआठ अंशांवर जातो. गिअरबॉक्स मध्यावर नसल्याने पुष्कळ मोटारींत एका बाजूचा शाफ्ट आखूड असतो. त्या बाजूचा कोन आणखी मोठा होतो. अशा स्थितीत रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडते आणि चिखल आत शिरतो. मग सांध्याच्या नाशास वेळ लागत नाही.

स्प्रिंग कापल्याचे परिणाम

स्प्रिंगेचे वेढे कमी केले की तिचा ताठपणा त्याच प्रमाणात वाढतो. सहा कार्यक्षम वेढ्यांतील एक कापल्यास ती 20 टक्के अधिक ताठ होते. त्याच वेळी चाकाला वर जाण्यासाठी उरलेली जागा कमी होते. पाच माणसे व सामान घेतलेली बसकी मोटार खड्ड्यात आदळली की निलंबनाचा भाग रबरी ठोकळ्यावर जाऊन आपटतो. जो धक्का स्प्रिंगेने सोसावयाचा, तो चाकाच्या बेअरिंगला, बॉल जॉइंटला व सुकाणूच्या सांध्यांना सोसावा लागतो. चाके आतल्या बाजूस कलल्यास टायरांची आतली कड लवकर झिजते.

गतिरोधक आणि ग्रामपंचायत

भारतीय रस्ते काँग्रेसच्या 1988 च्या मार्गदर्शिकेनुसार सर्वसाधारण वाहतुकीसाठी गोलाकार गतिरोधकाची उंची 10 सेंटिमीटर, रुंदी 3.7 मीटर आणि वक्रतेची त्रिज्या 17 मीटर असावी. पुढच्या-मागच्या चाकांत 2.4 मीटर अंतर असलेली मोटार त्यावर चढली असता चाकांच्या रेषेपासून उंचवटा मध्यभागी जेमतेम 42 मिलिमीटर वर येतो. याउलट, हातभर रुंदीचा व 15 सेंटिमीटर उंचीचा गतिरोधक दोन्ही चाकांच्या मध्ये पूर्ण 150 मिलिमीटर उभा राहतो. 160 मिलिमीटर मोकळी उंची असलेली मोटारही त्यावरून कशीबशी जाते. 50 मिलिमीटर उतरविलेली मोटार तर घासणारच. म्हणजे मालकाने मूळ उंची राखावी, तसे रस्ता सांभाळणाऱ्यांनी गतिरोधकाचे मापही राखावे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ नुसार नियमबाह्य फेरफारासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून मोटारीत कोणताही बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करणे इष्ट.

वेळीच ओळखावे

सुकाणू पूर्ण वळवून मोटार हळू चालविताना चाकाकडून कटकट असा आवाज आल्यास बाहेरचा सांधा झिजला असे समजावे. वेग घेताना मोटार थरथरू लागली तर आतला सांधा तपासून घ्यावा. चाकाच्या आतल्या बाजूस ग्रीसचे शिंतोडे दिसणे, ही बूट फाटल्याची पहिली खूण होय. याच वेळी बूट व ग्रीस बदलल्यास थोडक्या खर्चात काम भागते. दुर्लक्ष केल्यास संपूर्ण सांधा किंवा शाफ्टच बदलावा लागतो. रोवणीपूर्वी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा ही तपासणी करण्याचा परिपाठ ठेवावा.

शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला कोन, घर्षण व वंगण शिकविताना गावातील एखाद्या मोटारीचा बूट विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवावा. आज वर्गात बसलेला मुलगाच उद्या मोटार चालविणार आहे. कोणत्या हौसेची किंमत कोणत्या सांध्याला मोजावी लागते हे त्याला आधीच उमगले, तर रात्री रुग्णाला घेऊन निघालेली मोटार वाटेत अडकून पडण्याचा धोका निश्चितच कमी होईल.