चार पिवळ्या ठिपक्यांचा भुंगेरा

प्रश्न : सिंगापूरला मुलीकडे गेले असताना जंगलात एका कुजक्या ओंडक्यावर, बुरशीला चिकटून बसलेले काळे किडे दिसले. प्रत्येकाच्या पाठीवर चार पिवळे ठिपके होते. सोबत फोटो पाठवत आहे. हे ढालकिडेच ना?

उत्तर : ढालकिडे नव्हेत, पण त्यांचे भाऊबंद नक्की. हा बुरशीवर जगणारा भुंगेरा. ठिपक्यांवरून बहुधा युमॉर्फस क्वाड्रिगटॅटस. दक्षिण-पूर्व आशियातल्या दमट जंगलांत तो आढळतो.

आधी मिशा पाहा. ढालकिड्याच्या मिशा आखूड, चटकन नजरेत न येणाऱ्या. याच्या मात्र लांब, काळ्याभोर आणि टोकाचे तीन खंड चपटे, रुंद. भुंगेऱ्याची लांबी साधारण एक सेंटिमीटर. अंग नुसतं काळं नाही. तिरप्या उजेडात त्यावर सुरेख जांभळट झाक येते. पिवळ्या ठिपक्यांची एक जोडी खांद्यांच्या जरा मागे, दुसरी शेवटाकडे. पंखांवरच्या कठीण आवरणांची कड चपटी होऊन बाहेर आलेली असते, ताटाच्या काठासारखी. मानेमागची ढाल या आवरणांहून बरीच अरुंद, आणि तिच्या मागच्या कडेपाशी दोन्ही बाजूंना एकेक खाच.

मला सर्वांत मोह पडतो तो पावलांचा. भिंगातून पाहिलं तरी पावलाचे खंड तीनच वाटतात, पण असतात चार! तिसरा इतका बारीक, की दुसऱ्याच्या आड दडून जातो. ढालकिड्यांच्या पावलांचीही हीच रचना. 2015 पासून ही दोन्ही कुळं एकाच महाकुळात धरली जातात.

डिवचल्यावर पायांच्या सांध्यांतून उग्र द्रव सोडण्याची खोड या कुळातल्या अनेक भुंगेऱ्यांना असते, आणि तीही ढालकिड्यांसारखीच. त्यामुळे ते भडक ठिपके म्हणजे पक्ष्यांना दिलेला इशारा असावा. पिकांना यांचा उपद्रव नाही. अळ्याही बुरशीच खातात.

‘बहुधा’ म्हटलं, कारण चार ठिपक्यांच्या जाती अनेक आहेत. युमॉर्फस मार्जिनॅटसची कड तर याहून कितीतरी रुंद पसरलेली असते. पुन्हा दिसला तर पुढच्या पायांचा जवळून फोटो घ्या. नराच्या नडगीला आतून दातासारखं टोक असतं. त्याचा आकार आणि जागा पाहून जात ठरवणं सोपं जातं.