जुन्या घराला कुलूप घालायची घाई करू नकोस

अगं, फोनवरच कळलं मला, तुझा जीव टांगणीला लागलाय. लॉजची वेबसाइट नव्या होस्टिंगवर न्यायचीय, जुन्याची मुदत महिनाअखेरीला संपतेय आणि घरातले सगळे म्हणतात, तूच बघ. खरं सांगू का, गुरुवारच्या पालखीच्या गर्दीत एकटीनं काउंटर सांभाळणाऱ्या बाईला हे काम जड नाही. फक्त क्रम चुकवायचा नाही.

आधी दिवस ठरव. गुरुवार नको, शनिवार-रविवार नको. रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा यांच्या आसपास तर हातच लावू नकोस. सोमवारी किंवा मंगळवारी, शेजारती होऊन गल्ली शांत झाली की बस.

आणि आजच एक शोध, डोमेन कुणाच्या नावावर आहे? बघ, डोमेन म्हणजे तुझं नाव आणि होस्टिंग म्हणजे राहती जागा. जागा बदलली तरी नाव तेच राहतं, पण त्याचा लॉगिन आपल्या हातात हवा. बऱ्याचदा तो साइट बनवणाऱ्या मुलाच्या ईमेलवर असतो, आणि तो मुलगा कधीच नोकरीसाठी पुण्याला गेलेला असतो.

मग बॅकअप. फाइल्स वेगळ्या आणि डेटाबेस वेगळा, दोन्ही उतरवून घे. खोल्या, दर, बुकिंग सगळं त्या डेटाबेसमध्ये असतं. तो काढताना आणि नव्या जागी भरताना यूटीएफ-८च ठेव. माझ्या लॉजची साइट हलवली तेव्हा मी हे बघितलंच नाही. इंग्रजी पान झक्क उघडलं, आणि मराठी पानावर ‘पहाटे ४ पासून गरम पाणी’ या ओळीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हांची रांग! म्हणून नव्या सर्व्हरवर आधी मराठी पान उघडून बघ.

आता टीटीएल. डीएनएसमध्ये, म्हणजे नावापुढे पत्ता लिहिलेल्या वहीत, प्रत्येक नोंदीपुढे हा आकडा असतो, सेकंदांचा. तो ८६४०० असेल तर लोकांकडचे सर्व्हर २४ तासांपर्यंत जुनाच पत्ता धरून बसतात. हलवायच्या दोन दिवस आधी तो ३०० कर, म्हणजे २४ तासांऐवजी पाचेक मिनिटांचीच वाट.

आणि गं, मेल! हे मी तुला दहादा सांगणार आहे. डीएनएसची वही ठेवणारा नेमसर्व्हर बदलताना मी साइटचा पत्ता भरला, पण मेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या एमएक्सच्या नोंदी नव्या जागी उतरवल्याच नाहीत. साइट छान चालत होती, म्हणून मी निर्धास्त. तिसऱ्या दिवशी रात्री हैदराबादचं एक कुटुंब दारात उभं. एक दिवस आधी येतोय, असा मेल त्यांनी केला होता आणि तो माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. खोली एकही रिकामी नाही, लेकरू बापाच्या खांद्यावर झोपलेलं, आजी पायरीवर टेकलेल्या. मी आमची वरची खोली उघडून दिली, पण त्या आजींचा दमलेला चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो. म्हणून जुन्या डीएनएसचं पान आधी मोबाइलवर टिपून घे, एकेक ओळ जुळव, एमएक्स तर दोनदा. जुन्या खात्यातले मेलही उतरवून ठेव, होस्टिंग बंद झालं की तेही जातात.

शेवटचा डेटाबेस उतरवण्याआधी बुकिंगचा फॉर्म बंद कर आणि तिथे फोन नंबर टाक, नाहीतर मधल्या वेळचं बुकिंग जुन्या घरीच राहून जाईल. नव्या जागी एसएसएल लागलंय ना तेही बघ, ते नसलं की ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ म्हणतो आणि लोक पैसे भरायला बिचकतात.

आणि जुनं होस्टिंग लगेच बंद करू नकोस. मुदत संपतेय म्हणालीस ना, मग सरळ एक महिना वाढवून घे. काही बिघडलं तर पत्ता परत जुन्याकडे फिरवता येतो, आणि तोवर तुला झोप लागते.

काम झालं की वायफाय बंद करून मोबाइल डेटावर साइट उघड, एक खोटं बुकिंग कर, आणि मला एक मेल टाक. मी जागीच असेन. मेल पोचला की मी उलट मेल करते, तो तुला मिळाला की मग झोप तू.