पावसाचा महिनेवार हिशेब

सकाळचे साडेआठ वाजले की देशातील हजारो ठिकाणी एकच काम सुरू होते. कोठे तहसील कचेरीच्या आवारात, कोठे धरणावरील चौकीत, कोठे कृषी संशोधन केंद्राच्या शेतात, तर कोठे विमानतळावरील वेधशाळेत पर्जन्यमापकाचे नरसाळे काढले जाते, आतील बाटलीत साठलेले पाणी काचेच्या मोजपात्रात ओतले जाते आणि मिलिमीटरचा आकडा वहीत उतरतो. काम जेमतेम पाच मिनिटांचे. परंतु अतिवृष्टीची मदत, टंचाईची घोषणा, पीकविम्याची भरपाई, पुलाच्या कमानीची उंची आणि धरणाच्या सांडव्याची रुंदी या साऱ्या गोष्टी अखेर त्या पाच मिनिटांशी बांधलेल्या असतात. ज्यांच्या देखत हे काम होते, त्या ग्रामपंचायत सदस्यांना, शिक्षकांना व महसुली कर्मचाऱ्यांना त्यामागील शास्त्र ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

साडेआठ ही वेळ काहीशी चमत्कारिक वाटते. आठ किंवा नऊ का नव्हे? भारतीय प्रमाणवेळ ग्रीनिचच्या वेळेपेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. आपल्याकडे साडेआठ वाजतात तेव्हा ग्रीनिचला पहाटेचे तीन वाजलेले असतात. जगातील वेधशाळांनी एकाच क्षणी निरीक्षण करावे, यासाठी ग्रीनिच वेळेनुसार दर तीन तासांची वेळापत्रके ठरली आहेत. सायंकाळचे साडेपाच म्हणजे ग्रीनिचचे मध्यान्ह; ज्या लहान वेधशाळांत दिवसातून दोनदाच निरीक्षण होते, तेथे सामान्यतः हीच दोन वेळांची जोडी पाळली जाते. गडहिंग्लजच्या किंवा मंगरूळपीरच्या वहीतील आकडा दुसऱ्या खंडातील आकड्याशेजारी मांडता येतो तो या शिस्तीमुळे.

कोष्ठागारातील कुंड

पाऊस मोजण्याची कल्पना आपल्या देशाला नवी नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात कोष्ठागाराच्या आवारात एक अरत्नी रुंद तोंडाचे कुंड पर्जन्यमापनासाठी ठेवावे, असे सांगितले आहे. निरनिराळ्या प्रदेशांत पडणाऱ्या पावसाचे प्रमाण तेथे द्रोण या मापात दिले असून अश्मकापेक्षा अवंतीत अधिक आणि अपरान्तात तर अमित, असा क्रम लावला आहे. अश्मक म्हणजे गोदावरीकाठचा प्रदेश आणि अपरान्त म्हणजे कोकण, हे लक्षात घेतले की आजच्या नकाशाशी तो क्रम किती जुळतो हे कळते. शिवाय हे कुंड धान्याच्या कोठारापाशी आहे, हेही अर्थपूर्ण आहे. पावसाची मोजणी व शेतसाऱ्याचा अंदाज यांचे नाते तेव्हाच ओळखले गेले होते.

आधुनिक काळात मात्र हे काम आपत्तींनी शिकविले. १८६४ मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळाचा भीषण तडाखा बसला. १८६६ मध्ये व पुन्हा १८७१ मध्ये पावसाने दगा दिला. ओरिसातील दुष्काळात माणसे लाखोंनी मेली. त्याआधीही देशात वेधशाळा होत्या. मद्रासला अठराव्या शतकाच्या अखेरीपासून नोंदी होत होत्या, मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली होती. परंतु प्रत्येक प्रांताची उपकरणे वेगळी, वेळ वेगळी आणि तक्तेही वेगळे. अशा आकड्यांची बेरीज करणे म्हणजे शेर आणि कुडव एकाच स्तंभात मिळविणे होय. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड यांची त्यावर नेमणूक झाली. देशभर एका धर्तीची निरीक्षणे सुरू करणे हेच त्यांचे पहिले मोठे काम होते.

या खात्याचे मुख्यालय कलकत्त्याहून १९०५ मध्ये सिमल्यास, तेथून १९२८ मध्ये पुण्यास व १९४४ मध्ये दिल्लीस गेले. पुण्याच्या शिवाजीनगर भागात अद्यापही लोक 'सिमला ऑफिस' म्हणतात, त्याचे मूळ या स्थलांतरात आहे. मुख्यालय दिल्लीस गेले तरी हवामानविषयक संशोधनाचे व जुन्या नोंदी जतन करण्याचे काम पुण्यातच राहिले.

मापकाचे पथ्य

पर्जन्यमापक हे अत्यंत साधे उपकरण आहे, आणि साधे म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होते. त्याची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच व अगदी समपातळीत असावी लागते. जवळची भिंत किंवा झाड जेवढे उंच असेल, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर मापक हवा. कचेरीचे आवार पूर्वी मोकळे असते. पुढे तेथे एक खोली वाढते, वृक्षारोपणाच्या सप्ताहात कोणी गुलमोहर लावतो, तो दहा वर्षांत पसरतो, आणि त्या गावचा पाऊस कागदावर कमी कमी होत जातो. हवामान बदलले असा निष्कर्ष काढणाऱ्या अभ्यासकाला त्या गुलमोहराची माहिती कोठून असणार?

दुसरी चूक मोजपात्राची. आपल्याकडे १०० व २०० चौरस सेंटिमीटर तोंडाचे मापक वापरात आहेत आणि प्रत्येकाचे मोजपात्र निराळे असते. २०० चौरस सेंटिमीटरच्या मापकात १० मिलिमीटर पावसाचे २०० घन सेंटिमीटर पाणी जमते. तेच पाणी लहान मापकाच्या पात्रात ओतले तर आकडा २० मिलिमीटर दिसेल. पात्र फुटले आणि शेजारच्या केंद्रावरून दुसरे आणले, एवढ्या साध्या कारणाने एखाद्या मंडळाचा पाऊस दुप्पट किंवा निम्मा होऊ शकतो.

तापमापकांसाठी लाकडी झडपांची पांढरी पेटी वापरतात. तिला स्टीव्हनसनची पेटी म्हणतात. प्रसिद्ध कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हनसन यांचे वडील, दीपगृहे बांधणारे अभियंता टॉमस स्टीव्हनसन यांनी ती योजिली. झडपांतून वारा खेळतो, पण ऊन आत शिरत नाही; आणि पेटी उघडताना सूर्यकिरण पडू नयेत म्हणून आपल्याकडे तिचे दार उत्तरेस ठेवतात. वृत्तपत्रांत छापले जाणारे तापमान हे असे सावलीतील तापमान असते. डांबरी रस्त्यावर किंवा दुचाकीच्या आसनावर ठेवलेल्या तापमापकाचा आकडा त्याच्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

शून्य आणि रिकामी जागा

नोंदवहीच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा नियम सर्वांत अधिक वेळा मोडला जातो. पाऊस पडला नाही तर ०.० लिहावयाचे, निरीक्षणच झाले नाही तर जागा रिकामी ठेवून शेऱ्यात कारण लिहावयाचे. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शून्य हे निरीक्षण आहे, रिकामी जागा ही निरीक्षणाची उणीव आहे. सुटीच्या दिवशी कोणी आले नाही म्हणून शून्य टाकले, तर त्या दिवशी पाऊस नव्हता असे कायमचे विधान केले जाते, आणि ५० वर्षांनंतर ते कोणालाही खोडता येत नाही. त्याचप्रमाणे शनिवार-रविवारचे पाणी सोमवारी एकदम मोजले, तर त्याचे तीन समान भाग करून तीन दिवसांपुढे लिहू नयेत. एकूण आकडा सोमवारी लिहून तो किती दिवसांचा आहे हे नमूद करावे. सोयीस्कर भागाकारामुळे अतिवृष्टीचा एक दिवस तीन बेताच्या दिवसांत विरघळून जातो.

तारखेचाही घोळ होतो. आज सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस आजच्या तारखेला लिहितात, मग त्यातील बहुतेक काल दुपारी पडलेला का असेना. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी मानण्याची रीत आहे. समजा, पहाटे चारला पाऊस लागला, साडेआठपर्यंत ४० मिलिमीटर पडला आणि दुपारी एकपर्यंत आणखी ४० मिलिमीटर पडला. नऊ तासांत ८० मिलिमीटर पाऊस झाला, शेताचे बांध फुटले. पण वहीत आज ४० व उद्या ४०. दोन्ही दिवस मर्यादेच्या आत! गावकऱ्यांना येथे अन्याय वाटतो आणि तो समजण्यासारखा आहे. निरीक्षकाला आकडा फिरविण्याचा अधिकार नाही. मात्र पाऊस सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ शेऱ्यात असेल, किंवा स्वयंचलित केंद्राची ताशी नोंद उपलब्ध असेल, तर पंचनाम्याच्या वेळी पुढे ठेवण्यास काहीतरी आधार राहतो.

महिन्याची बेरीज

महिनाअखेरीस तक्ता तयार होतो. एकूण पाऊस, सर्वाधिक पावसाचा दिवस, कमाल व किमान तापमानांच्या सरासरी आणि पर्जन्यदिनांची संख्या. ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडतो, तो पर्जन्यदिन. हा स्तंभ अनेकजण वाचीतच नाहीत. वस्तुतः शेतीच्या दृष्टीने तो एकूण पावसाइतकाच बोलका आहे. जुलैच्या पहिल्या दोन दिवसांत १५० मिलिमीटर पडून पुढे तीन आठवडे आभाळ कोरडे राहिले, तर महिन्याची बेरीज सरासरीजवळ दिसेल आणि सोयाबीन मात्र माना टाकील. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पावसातील तुटीबरोबरच पावसातील खंडही विचारात घेतला आहे, तो याच कारणाने.

महिन्याचा आकडा एकटा असताना मुका असतो. त्याला अर्थ येतो तो त्या ठिकाणच्या दीर्घकालीन सरासरीशी ताडल्यावर. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि रस्त्याने तीस-बत्तीस किलोमीटरवरील वाईत हजाराच्याही आत. जिल्हा एकच, पण वाईला समाधानकारक ठरणारा पाऊस महाबळेश्वरी दुष्काळ ठरेल. म्हणून सरासरीपासूनची टक्केवारी काढतात. उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांपर्यंत सामान्य, उणे २० पासून उणे ५९ पर्यंत अपुरा, त्याखाली अत्यंत अपुरा. या पद्धतीने देशाच्या ३६ हवामान उपविभागांचा हिशेब होतो. त्यांत कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ हे आपले चार. संपूर्ण देशाची जून ते सप्टेंबर या काळाची सरासरी १९७१ ते २०२० या ५० वर्षांवरून ८७ सेंटिमीटर धरली आहे.

या तक्त्यांचा सर्वांत मोठा उपयोग करून घेतला तो गिल्बर्ट वॉकर यांनी. १९०४ ते १९२४ पर्यंत ते खात्याचे प्रमुख होते. ते मूळचे गणिती. १८७७ व १८९९ सारखी अवर्षणाची वर्षे आधी ओळखता येतील काय, या प्रश्नापायी त्यांनी जगातील वेधशाळांचे महिनेवार तक्ते मिळविले आणि भारतीय कारकुनांकरवी हाताने हजारो परस्परसंबंध काढविले. हिंदी महासागराच्या बाजूस हवेचा दाब चढतो तेव्हा प्रशांत महासागराच्या बाजूस तो उतरतो, हा हेलकावा त्यांतून हाती आला. त्याला त्यांनी दक्षिणी दोलन हे नाव दिले. त्याचा एल निनोशी असलेला संबंध १९६० च्या दशकात याकोब बियर्कनेस यांनी स्पष्ट केला आणि आज मोसमी पावसाच्या प्रत्येक अंदाजात त्याचा विचार होतो. ज्या निरीक्षकांनी ते आकडे रोज वहीत उतरविले, त्यांपैकी बहुतेकांना आपल्या वहीचे पुढे काय होणार याची कल्पनाही नसावी.

यंत्रे आली तरी

२००५ च्या जुलैत सांताक्रूझ वेधशाळेने २७ तारखेच्या सकाळी ९४४.२ मिलिमीटर पाऊस नोंदविला. त्याच शहरातील कुलाब्याचा आकडा होता ७३.४. दोन्ही आकडे खरे होते. मुंबईत फक्त कुलाब्यासच मापक असता तर या महापुराचे कारण कागदावर सापडलेच नसते. केंद्रे दाट हवीत हा धडा त्यातून पक्का झाला. महाराष्ट्रात महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, आणि २०२३ मध्ये केंद्र शासनाने ग्रामपंचायतींच्या पातळीपर्यंत पर्जन्यमापक नेण्याची योजना हाती घेतली.

परंतु यंत्रालाही पहारा लागतो. २०२४ च्या मे महिन्याअखेर दिल्लीजवळील मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश तापमान दाखविले आणि देशभर खळबळ उडाली. तपासणीत संवेदक सुमारे तीन अंशांनी चढा दाखवीत असल्याचे आढळले. त्याच सुमारास नागपुरातील एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांचा आकडा उमटला. तोही सदोष संवेदकामुळे. ही चूक ध्यानात आली, कारण ताडून पाहण्यास जवळपास दुसरी उपकरणे होती. पर्जन्यमापकाच्या बाबतीत बिघाड इतका उघड नसतो. नरसाळ्यात चिमणीने काड्या आणून टाकल्या किंवा कोळ्याने जाळे विणले की यंत्र मुकाट्याने शून्य पाठवीत राहते, आणि त्या शून्यावर कोणाची सही नसते.

ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या आवारात साधा पर्जन्यमापक असल्यास त्याची नोंद मदतीच्या निर्णयासाठी अधिकृत धरली जात नाही, हे आरंभीच स्पष्ट असावे. पण मंडळाच्या केंद्रावर सलग काही दिवस शून्य येत असताना शाळेच्या वहीत रोज दहा-वीस मिलिमीटर दिसत असतील, तर तालुक्यास कळवून केंद्राची तपासणी करवून घेण्यास तेवढा आधार पुरतो. मात्र हे त्याच आठवड्यात झाले पाहिजे. हंगाम उलटल्यावर नरसाळे साफ करून गेलेला पाऊस परत येत नाही. सातवी-आठवीची मुले हे काम उत्तम करतात. वहीत तारीख, वेळ, मिलिमीटर व शेरा असे चार स्तंभ पुरेत. सुटीच्या दिवशीची पाळी कोणाकडे, हे मात्र जूनच्या आधीच ठरवून ठेवावे.