शरीरशुद्धीचा जमाखर्च

'शरीर आतून स्वच्छ करा', 'सात दिवसांत नवा उत्साह मिळवा' अशी वाक्ये आजकाल सारखी कानांवर पडतात. या प्रकाराला 'डिटॉक्स' असे सुटसुटीत नाव आहे. काही दिवस जेवण बंद ठेवून फळांचे-भाज्यांचे रस आणि लिंबूपाणी घ्यावे, म्हणजे साठलेली विषे बाहेर पडून अंगी तरतरी येते, असा हा विचार. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने आरोग्यावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु हा प्रयोग मी स्वतः केला आहे, आणि कोणत्याही व्यवहाराचा हिशेब मांडून पाहावा, हे तर आमच्या शाखेचे पहिले शिक्षण.

मी खानापूर तालुक्यातून रोज बसने बेळगावला येते. पहाटे एक कप चहा घ्यायचा आणि पहिली बस गाठायची. जेवण घरी परतल्यावर, दुपारी तीनला. गेल्या वर्षी मला सारखा थकवा वाटू लागला. जिना चढताना धाप लागे, तासाला डोळे मिटत. शेजारच्या मावशींनी मायेने सांगितले, "अगं, पोटात घाण साठली की असंच होतं. सात दिवस सकाळी दुधीचा रस आणि दिवसभर लिंबू-मधाचं पाणी घे, बघ कशी हलकी होतेस!" पहिले दोन दिवस खरोखरच हलके वाटले. तिसऱ्या दिवशी वजन दीड किलोने उतरले. चौथ्या दिवशी कॉस्टिंगच्या तासाला डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी बाकावरच कोसळले.

डॉक्टरबाईंनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन ९.२ निघाले, स्त्रियांमध्ये ते निदान १२ असावे लागते. "साठलेलं काही नाही गं, उलट कमी पडलंय," त्या म्हणाल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार झाला होता! त्यानंतर मी या विषयाचे थोडे वाचन केले. त्याचे सार पुढे देत आहे.

शरीराची सफाई कोण करते?

ही सफाई आपण झोपेत असतानाही चालू असते. सुमारे दीड किलो वजनाचे यकृत प्रथिनांच्या पचनातून निघणाऱ्या अमोनियाचे युरियात रूपांतर करते. औषधे आणि मद्य यांचेही विघटन तेथेच होते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातले बहुतेक सारे रक्तात परत घेतात आणि साधारण दीड लिटर मूत्रावाटे बाहेर टाकतात. कार्बन डाय-ऑक्साइड फुप्फुसांवाटे जातो. ही इंद्रिये निकामी होऊ लागली, तर त्यावर रस हा उपाय नव्हे. तिथे डॉक्टरच हवा.

हिशेब कुठे चुकतो?

कोणत्याही खात्याला आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक असते. डिटॉक्सवाल्यांना विचारावे, की कोणते विष, आधी किती होते आणि नंतर किती उरले? अमेरिकेतील स्टॅनली बरोज यांनी लिंबू, मेपल झाडाचा पाक आणि तिखट यांच्या पाण्यावर राहण्याची पद्धत सांगितली. त्यांचे पुस्तक १९७६ मध्ये निघाले. तेव्हापासून अशा अनेक पद्धती आल्या. परंतु या विषयावरील संशोधनाचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा बाजारातील डिटॉक्स आहाराची माणसांवर केलेली एकही नीट नियंत्रित चाचणी त्या अभ्यासकांना आढळली नाही.

मग माझे वजन कसे उतरले? यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखरेची शिल्लक असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. उपाशी राहिल्यावर आधी ही शिल्लक खर्च होते आणि पाणीही निघून जाते. जेवू लागताच माझे वजन आठवड्यात पूर्ववत झाले. हलके वाटले, ते बहुधा तळलेले पदार्थ बंद झाले आणि पाणी पोटात जास्त गेले म्हणून.

दुधीच्या रसाबद्दल तर इशाराच द्यायला हवा. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात. कडू रस पिऊन आपल्या देशात मृत्यूही झाले आहेत. त्याची चौकशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने केली आणि कडू लागलेला रस मुळीच पिऊ नये, असे बजावले. विष काढण्यासाठी विषच प्यायचे, याला काय म्हणावे? मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून असे प्रयोग करूच नयेत.

येथे कोणी एकादशीचे उदाहरण देईल. व्रत हा श्रद्धेचा भाग आहे, त्याविषयी माझे म्हणणे नाही. आयुर्वेदातही लंघन सांगितले आहे. पण ते रोग्याचे बळ पाहून. माझे बळ कोणी पाहिलेच नव्हते!

उपाय साधाच निघाला

डॉक्टरबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. जेवणाबरोबर चहा नको, कारण चहाने अन्नातील लोह कमी शोषले जाते, असे सांगितले. लिंबू मात्र सोडू नको म्हणाल्या. मटकीच्या उसळीवर आणि पालेभाजीवर पिळलेले लिंबू लोह शोषायला मदत करते. म्हणजे मावशींचे लिंबू खोटे नव्हते, त्याखालचे ताट रिकामे होते. आता मी भाकरी-उसळीचा डबा आणते आणि पहिल्या तासाआधी खाते. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.१ झाले. जिना तोच आहे, धाप मात्र नाही.

मैत्रिणींनो, २०१९ ते २१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्या वर्गातही माझ्यासारख्या अनेकजणी असणार. थकवा महिनाभर राहिला, तर रसाच्या बाटलीवर पैसे घालण्याआधी रक्त तपासून घ्या.

आपल्या अंकाच्या कन्नड विभागातल्या माझ्या मैत्रिणीने हा लेख वाचून एक म्हण ऐकवली : "ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल." ज्याला जेवणे कळले त्याला रोग नाही, ज्याला बोलणे कळले त्याला भांडण नाही. पहिला अर्धा भाग मी चक्कर येऊन शिकले. वाचकांनी तो वाचूनच शिकावा.