वाघ ओळखणारे यंत्र

सातारा जिल्ह्यातील माण आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी व जत हे तालुके कमी पावसाचे. तेथील माळरानावर मेंढ्यांचे कळप चरताना दिसतात. परक्या माणसाला त्या कळपातील सगळ्या मेंढ्या सारख्याच भासतात. धनगराला मात्र तशा त्या कधीच वाटत नाहीत. एकीचा कान किंचित दुमडलेला, दुसरीच्या कपाळावर पांढरा ठिपका, तर तिसरीची चालच निराळी! दुसऱ्याच्या कळपात मिसळलेली आपली मेंढी तो पाहता पाहता हुडकून काढतो. ही विद्या त्याला कोणत्याही पुस्तकातून लाभलेली नसते. लहानपणापासून त्याने मेंढ्या हजारो वेळा पाहिलेल्या असतात आणि वडीलधाऱ्यांनी प्रत्येकीची खूण सांगून त्याची नजर तयार केलेली असते.

पाहणे आणि ओळखणे यांत असे अंतर आहे. डोळे असले म्हणजे दिसते. ओळखावयास मात्र शिकावे लागते. हीच विद्या मनुष्याने आता यंत्राला शिकविली आहे. ती कशी शिकविली आणि तिचा उपयोग काय, हे समजून घेण्यासाठी याच दोन जिल्ह्यांच्या पश्चिम कडेला, सह्याद्रीच्या रानात जावयास हवे.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. एकीकडे कोयनेचा शिवसागर, दुसरीकडे वारणेचा वसंतसागर आणि त्यांच्या काठांवर पसरलेली दाट अरण्ये असा हा प्रदेश आहे. गवा, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या, शेकरू असे नाना प्राणी येथे राहतात. वाघ मात्र फार थोडे. पावलांचे ठसे, झाडावरील ओरखडे आणि विष्ठा यांवरून त्यांचा वावर समजे. परंतु प्रत्यक्ष दर्शन दुर्मिळ. अखेर मे २०१८ मध्ये चांदोलीच्या रानात एका वाघाचे छायाचित्र मिळाले. ते टिपण्यासाठी तेथे कोणी छायाचित्रकार दबा धरून बसला नव्हता. झाडाच्या बुंध्याला बांधलेल्या एका लहानशा पेटीने ते टिपले होते.

या पेटीला 'कॅमेरा ट्रॅप' म्हणतात. समोरून एखादे उबदार शरीर हलत गेले की तिला त्याची जाणीव होते आणि ती आपोआप छायाचित्र घेते. ती झोपत नाही, कंटाळत नाही, पावसाला आणि अंधाराला भीत नाही. परंतु तिचा एक मोठा दोष आहे. समोर वाघ आला काय, गाय आली काय किंवा उन्हात तापलेले गवत वाऱ्याने डोलले काय, ती सर्वांची चित्रे सारख्याच तत्परतेने घेते. चित्रांचा डोंगर उभा राहतो. त्यात वाघ कोठे आहे, हे तिला सांगता येत नाही.

हा डोंगर केवढा असतो, हे २०१८ सालच्या देशव्यापी व्याघ्रगणनेवरून ध्यानी येईल. त्या वेळी भारतात २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे घेतली. त्यांपैकी वाघाची होती अवघी ७६,६५१. म्हणजे सुमारे साडेचारशे चित्रांमागे एक! एखाद्या माणसाने प्रत्येक चित्रासाठी केवळ पाच सेकंद दिले आणि रोज आठ तास काम केले, तर एकही सुटी न घेता त्याला सोळा वर्षांहून अधिक काळ लागला असता. तोपर्यंत त्यांतील कित्येक वाघ हयातही राहिले नसते. म्हणून या गणनेत चित्रांची जातवार निवड करणाऱ्या संगणकप्रणालीचे साहाय्य घेण्यात आले.

अशी प्रणाली प्राणी कसे ओळखते? संगणकाला चित्र म्हणजे लहान लहान ठिपक्यांची रांगोळीच होय. प्रत्येक ठिपक्याचा रंग आणि उजेड त्याच्याकडे अंकांच्या रूपाने असतो. आरंभी त्या अंकांतून त्याला काहीच उमगत नाही. म्हणून जाणकार माणसे हजारो चित्रे एकेक करून पाहतात, प्रत्येक प्राण्याभोवती चौकट आखतात आणि तिच्यावर त्याचे नाव लिहितात: हा गवा, हे सांबर, हा बिबट्या. नावे लिहिलेला असा चित्रसंग्रह हेच यंत्राचे पाठ्यपुस्तक. यंत्र प्रत्येक चित्र पाहून आपला तर्क सांगते. तो माणसाने लिहिलेल्या नावाशी ताडून पाहिला जातो. तर्क चुकला की यंत्राच्या आतील असंख्य आकडे किंचित बदलले जातात. असे लाखो वेळा घडले म्हणजे चुका कमी कमी होत जातात.

मग यंत्राची परीक्षा होते. तीत त्याने पूर्वी न पाहिलेली चित्रेच द्यावी लागतात. वर्गात सोडविलेलीच गणिते परीक्षेत घातली, तर विद्यार्थ्याला गणित समजले की त्याने उत्तरे पाठ केली, हे कसे कळणार?

असे संग्रह उभे करण्यास अगणित हात लागतात. २००९ साली अमेरिकेत फेइ-फेइ ली या विदुषीने आपल्या सहकाऱ्यांसह 'इमेजनेट' हा संग्रह जगापुढे ठेवला. पुढे त्यात एक कोटीहून अधिक चित्रे जमली आणि त्यांना नावे देण्याचे काम अनेक देशांतील हजारो लोकांनी केले. आफ्रिकेतील सेरेनगेटीच्या रानातील कॅमेऱ्यांची चित्रे अठ्ठावीस हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी घरबसल्या पाहून नोंदविली. त्याच नोंदींवर पुढे यंत्रे शिकली. यंत्राच्या हुशारीमागे अशा अनाम माणसांची चिकाटी उभी असते.

मात्र शिकविण्यात उणीव राहिली, तर यंत्रही फसते. २०१८ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांना असे आढळले की, ओळखीच्या ठिकाणची चित्रे अचूक ओळखणारे यंत्र नव्या ठिकाणची चित्रे पाहताच गोंधळते. प्राण्याबरोबर त्याने मागचे गवत, दगड आणि झाडेही लक्षात ठेवलेली असतात. ज्याने गाय केवळ कुरणातच पाहिली, त्याला समुद्रकाठी उभी असलेली गाय ओळखू येत नाही! सेरेनगेटीच्या मोकळ्या गवताळ रानावर शिकलेल्या यंत्राला कोयनेचे धुके आणि दाट झाडी कशी ठाऊक असणार? तेथे ना आपला गवा, ना आपले भेकर. सह्याद्रीचे प्राणी ओळखावयाचे, तर सह्याद्रीचीच चित्रे, उन्हाळ्यातील आणि पावसाळ्यातील, दिवसाची आणि रात्रीची, नीट नावे लिहून यंत्रापुढे ठेवली पाहिजेत.

आणि ती नावे खरी असली पाहिजेत. कराड, पाटण, शिराळा या भागांत बिबट्या उसाच्या फडात शिरल्याचे वारंवार ऐकू येते. गावातील बोलण्यात त्यालाही पुष्कळदा 'वाघ' म्हणतात. बोलण्यात ते चालून जाते. नोंदीत चालत नाही. वाघाच्या अंगावर पट्टे असतात, बिबट्याच्या अंगावर ठिपक्यांची वर्तुळे. घाईने कोणी बिबट्याच्या चित्रावर 'वाघ' असे लिहिले, तर यंत्र तेच सत्य मानून चालेल आणि ती चूक पुढे शेकडो चित्रांत उमटेल. जेथे वाघ बोटांवर मोजण्याइतके आहेत, तेथे नसलेला एक वाघ मोजणे काय किंवा असलेला एक विसरणे काय, दोन्हींनी सारा हिशेब फिरतो. अशा वेळी चित्र अस्पष्ट असल्यास 'ओळखू येत नाही' असे लिहिणे हीच खरी विद्वत्ता होय.

जात ओळखली, तरी हा वाघ कोणता, हा प्रश्न उरतोच. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. एकाच वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरील पट्टेही भिन्न असतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर कॅमेरे लावतात आणि पट्ट्यांची जुळणी करतात. २०१८ च्या गणनेत अशा रीतीने २,४६१ वाघ एकेक करून ओळखले गेले. चांदोलीत डिसेंबर २०२३ मध्ये एक वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला. जुनी चित्रे ताडून पाहता २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरीत दिसलेला वाघ तो हाच, असे पट्ट्यांनी सांगितले! दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी रानवाट अजून जिवंत आहे, ही सुवार्ता त्या पट्ट्यांनी दिली. ती वाट तुटू न देणे हे आता माणसांचे काम आहे.

माळावरील धनगर आणि रानातील यंत्र यांची विद्या एका परीने सारखीच. दोघेही पुष्कळ पाहून शिकले. दोघांनाही कोणीतरी खरे नाव सांगितले. भेद एवढाच की, धनगराला आपल्या मेंढीची माया असते, यंत्राला वाघाची नसते. ती माया आणि ते सत्य या दोहोंचा भार नाव लिहिणाऱ्या हातावरच असतो.

प्रश्न

१. कॅमेरा ट्रॅपचा गुण कोणता व दोष कोणता?
२. परीक्षेत यंत्रापुढे न पाहिलेली चित्रेच का ठेवतात?
३. 'ओळखू येत नाही' असे लिहिणे हीच खरी विद्वत्ता, असे का म्हटले आहे?
४. आपल्या परिसरातील पाच पक्ष्यांचे निरीक्षण करा. प्रत्येकाची नेमकी खूण, दिवस व ठिकाण वहीत नोंदवा.